‘ऑथेल्लो’ पहिल्यांदा वाचताना : संशयाचा माग कसा काढावा

‘ऑथेल्लो’ वाचून झालेला नवा वाचक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो. एवढा कसलेला सेनापती एका हातरुमालावरून बायकोचा जीव घेतो, इतका तो भोळा कसा? प्रश्न रास्त आहे, पण तो पडतो तेव्हा नाटक घाईत वाचलेलं असतं. शेक्सपिअरनं फसवणुकीची एकेक पायरी आपल्यासमोर उघडी ठेवली आहे. त्या पायऱ्या दिसू लागल्या की ऑथेल्लो मूर्ख वाटेनासा होतो. मग त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याची धास्ती वाटू लागते. त्या पायऱ्या कुठे शोधायच्या ते पुढे क्रमानं सांगतो.

गोष्ट आधी कळली तर मजा जाईल, ही भीती सोडून द्या. व्हेनिसच्या नोकरीत असलेला मूर, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, सेनापती ऑथेल्लो हा सिनेटर ब्रबान्शिओच्या मुलीशी, डेस्डिमोनाशी, गुपचूप लग्न करतो. त्याच्या हाताखालच्या यागोला हवी असलेली जागा कॅसिओ या तरुणाला मिळालेली असते. डेस्डिमोना आणि कॅसिओ यांचं सूत आहे, असं यागो ऑथेल्लोच्या मनात भरवतो. ऑथेल्लो तिला बिछान्यातच गुदमरवून मारतो आणि खरं कळल्यावर स्वतःलाही संपवतो. यागो काय करणार आहे हे तो स्वतःच पहिल्या अंकात प्रेक्षकांना सांगून टाकतो. तेव्हा पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊकच असतं. पाहायचं असतं ते कसं होतं हे.

१. संहिता निवडा

लंडनच्या राजदरबारात हे नाटक 1 नोव्हेंबर 1604 रोजी झाल्याची नोंद आहे. छापलं गेलं मात्र शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, आधी 1622 मध्ये सुट्या पुस्तिकेच्या रूपात आणि मग 1623 च्या मोठ्या संग्रहात. या दोन छापांत बरेच फरक आहेत. चौथ्या अंकातलं डेस्डिमोनाचं वाळुंजाचं गाणं पहिल्या छापात नाहीच. म्हणून दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या आणि ओळी जुळल्या नाहीत, तर गोंधळू नका.

मराठीत या नाटकाचा प्रवास जुना आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर 1867 चं. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ‘झुंझारराव’ लिहिलं आणि गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. देवलांचं नाटक हे रूपांतर आहे, त्यात माणसं आणि मुलूख आपल्याकडचे आहेत. ते स्वतंत्रपणे वाचावं, मूळ ओळींशी ताडून पाहू नये.

माझा सल्ला असा : पूर्ण नाटक एकदा मराठीतून वाचा. मग तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश तेवढा इंग्रजीतून, टिपांसह, सावकाश वाचा. अमेरिकेतल्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयानं इंग्रजी संहिता इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. अख्खं नाटक इंग्रजीतून वाचायच्या हट्टापायी पुष्कळ जण दुसऱ्या अंकातच थांबतात. त्यापेक्षा हे बरं.

२. वही उघडा आणि प्रत्येक प्रवेशाला तीन नोंदी करा

रंगमंचावर कोण आहे? कोणाच्या कानावर काय पडलं? आणि बोलायला हवं होतं पण गप्प कोण राहिलं?

तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. या नाटकात ज्याला उत्तर माहीत आहे त्याला नेमका प्रश्न कोणी वेळेवर विचारत नाही, आणि ती वेळ येऊ न देणं हेच यागोचं काम आहे. तो खोटं बोलतोच, पण त्याहून जास्त कष्ट तो माणसांना एकमेकांपासून अंतरावर ठेवण्यासाठी घेतो. कॅसिओ आणि ऑथेल्लो समोरासमोर बसून पाच मिनिटं बोलले असते तर नाटक तिथेच संपलं असतं.

३. पहिला अंक : तीन गोष्टी टिपा आणि पुढे चला

पहिल्या प्रवेशात यागो आणि डेस्डिमोनावर भाळलेला रॉडरिगो रात्री ब्रबान्शिओच्या घराखाली आरडाओरडा करतात. ऑथेल्लोबद्दल इतकं घाणेरडं बोलणं होतं, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. ‘तो मूर’ एवढंच. त्याचं नाव आपल्या कानावर पडतं ते थेट तिसऱ्या प्रवेशात, राज्यप्रमुख ड्यूक त्याला हाक मारतो तेव्हा. म्हणजे माणूस कळण्याआधी त्याच्याबद्दलची कुजबुज आपल्यापर्यंत पोचलेली असते. यागोची रीत शेक्सपिअरनं इथे आपल्यावरच वापरली आहे.

दुसरी गोष्ट ब्रबान्शिओचं जाता जाताचं वाक्य. हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलंय तिनं, तुलाही फसवेल, अशा अर्थाचं तो ऑथेल्लोला बोलतो. ऑथेल्लो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, तिच्या निष्ठेवर माझा प्राण पणाला लावीन. यागो तिथे उभा राहून हे ऐकत असतो. वहीत या वाक्याखाली रेघ मारून ठेवा, ते परत येणार आहे.

तिसरी गोष्ट यागोचं स्वगत. ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी संबंध असल्याची बोलवा त्याच्या कानावर आली आहे. खरं-खोटं मला माहीत नाही, तो म्हणतो, पण नुसत्या संशयावरून मी खात्री असल्यासारखा वागणार. दुसऱ्याच्या मनात पेरायचं विष आधी त्याच्याच मनात आहे. बढतीचा राग खरा, हा संशय खरा, की त्याला नुसतीच नासधूस हवी, यावर समीक्षक शतकानुशतकं वाद घालत आले आहेत. पहिल्या वाचनात त्या वादात शिरू नका. यागो हे का करतो याचं उत्तर नाटकच शेवटपर्यंत देत नाही. तो हे कसं करतो याची उत्तरं मात्र पानोपानी आहेत.

४. दुसरा अंक : पहाऱ्याची रात्र

जागा बदलते. तुर्की आरमार वादळात बुडालेलं असतं आणि सगळे सायप्रसला पोचतात. युद्ध करायला आलेल्या माणसांना युद्धच उरलेलं नाही. ऑथेल्लोला ज्या कामाची नेमकी जाण आहे ते काम त्याच्या हातून गेलं आहे, हे ध्यानात असू द्या.

यागो कॅसिओला दारू पाजतो, भांडण पेटवतो आणि ऑथेल्लो कॅसिओला कामावरून काढून टाकतो. इथला बारकावा पाहा. काय झालं ते सांग, असा हुकूम झाल्यावर यागो कॅसिओची बाजू सांभाळत असल्यासारखा बोलतो. त्यानं जितकी सारवासारव करावी तितकं ऑथेल्लोला कॅसिओचं वागणं वाईट वाटत जातं. पुढच्या सगळ्या फसवणुकीची ही तालीम आहे.

मग तो कॅसिओला सल्ला देतो : बाईसाहेबांकडे जा, त्या साहेबांना समजावतील. सल्ला अगदी चांगला आहे. डेस्डिमोना मनानं उदार आहे, ती रदबदली करणारच. आणि ती जितक्या कळकळीनं करेल तितका नवऱ्याचा संशय वाढेल. तिचा चांगुलपणाच तिच्याविरुद्ध कामाला लावायचा, हे यागो आपल्याला स्वगतात बजावून सांगतो. मला हे नाटकातलं सगळ्यात क्रूर वाक्य वाटतं, खुनाच्या प्रवेशाहूनही.

५. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश : इथे मुक्काम करा

साडेचारशेहून अधिक ओळींचा हा प्रवेश. सुरुवातीला ऑथेल्लो म्हणतो, हिच्यावरचं माझं प्रेम सरलं तर सृष्टीची घडी मोडेल. शेवटाला तो यागोला कॅसिओचा तीन दिवसांत काटा काढायला सांगतो आणि डेस्डिमोनाच्या मरणाचा विचार बोलून दाखवतो. मध्ये त्यानं डोळ्यांनी काहीही पाहिलेलं नसतं. हे घडतं कसं ते टप्प्याटप्प्यानं वाचा.

सुरुवात एका पुटपुटण्यानं होते. कॅसिओ डेस्डिमोनाला भेटून निघून जातो, कारण ऑथेल्लोसमोर उभं राहायची त्याला लाज वाटते. यागो हळूच म्हणतो, हे काही मला बरं दिसत नाही. काय म्हणालास, ऑथेल्लो विचारतो. काही नाही, साहेब. आता कुतूहल ऑथेल्लोचं झालं. कॅसिओच होता ना तो? छे, यागो म्हणतो, तुम्हाला येताना पाहून तो असा चोरासारखा कशाला निसटेल? त्यानं आरोप केलेलाच नाही. ‘चोरासारखा’ एवढं मागे ठेवलं आहे.

मग प्रश्न. तुम्ही बाईसाहेबांना मागणी घालत होता तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? होतं, ऑथेल्लो सांगतो, तो आमच्यात ये-जा करायचा. असं? यागो म्हणतो. आणि इथून तो ऑथेल्लोचेच शब्द त्याला परत करत राहतो. प्रामाणिक आहे ना तो? प्रामाणिक, साहेब? तुला काय वाटतं? वाटतं, साहेब? शेवटी ऑथेल्लोच चिडून म्हणतो की तुझ्या मनात काहीतरी भयंकर दडलेलं दिसतंय, म्हणून तू माझेच शब्द माझ्यावर आपटतोयस. दडलेलं काहीच नसतं. रिकामी जागा असते आणि ती ऑथेल्लो स्वतः भरतो.

हा भाग मित्रासोबत मोठ्यानं वाचा. एकानं ऑथेल्लो व्हायचं, दुसऱ्यानं यागो. यागोच्या प्रत्येक उत्तराआधी क्षणभर थांबा. त्या थांबण्यात किती वजन आहे ते डोळ्यांनी वाचून कळत नाही, ते कानांना कळतं.

त्यानंतर यागो चक्क मत्सरापासून सावध करतो, हिरव्या डोळ्यांचा तो राक्षस, ज्याला खातो त्याचीच थट्टा करणारा, वगैरे. ही ओळ सुभाषितासारखी सगळीकडे उद्धृत होते. ती कोणाच्या तोंडी आहे हे विसरू नका. मत्सराबद्दल तो बोलतो तोवर ऑथेल्लोनं मत्सराचं नावही काढलेलं नसतं. सावध करण्याच्या मिषानं यागो आजाराचं नाव रुग्णाला सांगतो.

आणि मग वहीतली ती रेघ मारलेली ओळ येते. तुमच्याशी लग्न करताना तिनं बापाला फसवलंच होतं, यागो म्हणतो. पहिल्या अंकात ज्या वाक्याला ऑथेल्लोनं प्राण पणाला लावून उत्तर दिलं होतं, त्याच वाक्याला इथे तो मान डोलावतो. वाक्य खरंही आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी झगडता येत नाही.

याच ओघात यागो आणखी एक फास आवळतो. आमच्या व्हेनिसच्या बायका मला माहीत आहेत, त्यांच्या लीला देवाला दिसतात, नवऱ्याला दिसत नाहीत. ऑथेल्लो परका आहे, वर्णानं, जन्मानं, देशानं. रणांगण त्याला कळतं. व्हेनिसच्या घरांतल्या चालीरीती कळत नाहीत, त्याबद्दल तो इथल्या माणसाच्या शब्दावर अवलंबून आहे. थोड्या वेळानं तो स्वतःच म्हणू लागतो, तरीसुद्धा निसर्ग स्वतःचा मार्ग चुकतो तेव्हा... वाक्य अर्धवट राहतं. यागो ते झेलतो आणि पुरं करतो : तिच्याच देशाची, रंगाची, तोलामोलाची स्थळं नाकारून तिनं तुम्हाला निवडलं, हे निसर्गाला धरून कुठाय? माझ्या मते अख्ख्या नाटकाचा कडेलोट या अर्ध्या वाक्यापाशी आहे. आपल्यावर कोणी मनापासून प्रेम करू शकतं, या गोष्टीवरचाच ऑथेल्लोचा विश्वास इथे ढासळतो. डेस्डिमोनावरचा विश्वास त्याच्या मागोमाग जातो.

इतकी मशागत झाल्यावरच यागो सरळसोट थापा मारतो. कॅसिओ झोपेत तिचं नाव घेत होता. त्याला तुमच्या रुमालानं दाढी पुसताना मी पाहिलं. हा क्रम लक्षात घ्या. थापेपासून सुरुवात केली असती तर ऑथेल्लोनं त्याचा गळा धरला असता, आणि मधे एका जागी तो धरतोही.

६. रुमालाचा प्रवास कागदावर काढा

एक बाण, मग दुसरा, अशी साधी आकृती पुरे. ऑथेल्लोनं डेस्डिमोनाला दिलेला, स्ट्रॉबेऱ्या भरलेला रुमाल. त्याचं डोकं दुखतं म्हणून ती तो बांधायला जाते, तो हात झटकतो, रुमाल पडतो. तिची सोबतीण एमिलिया, म्हणजे यागोची बायको, तो उचलते आणि नवऱ्याला देते. यागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. त्यावरची नक्षी उतरवून घ्यायला कॅसिओ तो आपल्या मैत्रिणीला, बियांकाला, देतो. बियांका तो ऑथेल्लोच्या डोळ्यांदेखत कॅसिओच्या अंगावर फेकते.

आता प्रत्येक बाणाखाली लिहा की तिथे कोण काय बोललं नाही. रुमाल हरवला नाही, असं डेस्डिमोना घाबरून खोटं सांगते. कुठे गेला मला ठाऊक नाही, असं एमिलिया तिच्या तोंडावर सांगते. आणि ऑथेल्लो? तिसऱ्या अंकात तो म्हणतो, रुमाल माझ्या आईला एका इजिप्शियन बाईनं दिला होता, त्यात जादू आहे. पाचव्या अंकात म्हणतो, माझ्या वडिलांनी आईला दिलेली ती खूण. दोन्ही खरं कसं असेल? बायकोला धाक घालायला त्यानंही कथा रचली असावी, असं मला वाटतं. म्हणजे लबाडीचा मक्ता एकट्या यागोकडे नाही. प्रत्येकाच्या लहानशा असत्याला तो जोड देतो.

डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे, अशी ऑथेल्लोची मागणी होती. ती पुरी होते ती अशी : तो आडोशाला लपतो, कॅसिओ हसताना त्याला दिसतो. हसू बियांकावरून चाललंय, पण शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पाहिलेल्या हसण्याचा अर्थ त्याला आधीच पढवलेला असतो.

७. दिवस मोजत बसू नका

घटना मोजल्या तर सायप्रसमध्ये सगळं दीडेक दिवसात आटोपतं. मग डेस्डिमोनाला कॅसिओशी संबंध ठेवायला वेळ तरी कधी मिळाला? दुसरीकडे बियांका तक्रार करते की कॅसिओ आठवडाभर फिरकला नाही. नाटकात दोन घड्याळं चालतात. एक धाप लागेल इतकं जलद, दुसरं संशयाला जागा देईल इतकं संथ. रंगमंचावर हे जाणवत नाही. वाचताना जाणवलं तर नोंद करा आणि पुढे जा.

८. मत्सर करणारे किती, ते पाहा

यागो आणि ऑथेल्लो झालेच. रॉडरिगो ज्या बाईच्या वाऱ्याला उभा राहू शकत नाही तिच्यासाठी पैसा उधळत जळतो. बियांकाला रुमाल पाहताच वाटतं, हा दुसऱ्या कोणीतरी दिला. तोच रुमाल, तोच संशय, पण ती कॅसिओला तोंडावर जाब विचारते, रुमाल भिरकावते आणि तरी जेवायला ये म्हणून सांगून जाते.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे. ‘झुंझारराव’ लिहिणाऱ्या देवलांनीच 1893 मध्ये ‘फाल्गुनराव’ लिहिलं. पुढे 1916 मध्ये तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आलं. तिथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. अश्विनशेठची तसबीर त्याच्या प्रेयसीकडून, रेवतीकडून, पडते, फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, हाती लागते आणि फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. चुकीच्या हाती गेलेली वस्तू, वहमी नवरा, सगळं तसंच. ही दोन नाटकं लागोपाठ वाचा. ‘संशयकल्लोळा’त माणसं मनातला संशय घसा फोडून बाहेर काढतात, म्हणून तो फुटतो आणि आपण हसतो. तिथे मुद्दाम जाळं विणणारा यागोही नाही. ‘ऑथेल्लो’त नवरा बायकोला थप्पड मारतो, वेश्या म्हणतो, पण रुमाल कॅसिओकडे कसा गेला हे कॅसिओला विचारत नाही. विचारतो ते शेवटच्या पानांवर, ती मेल्यानंतर. माझ्या खोलीत सापडला, कॅसिओ सांगतो. एवढंच उत्तर होतं.

९. आता पाहा

वाचनानंतर प्रयोग किंवा चित्रपट पाहावा, आधी नको. विशाल भारद्वाज यांचा ‘ओंकारा’ (2006) सहज मिळतो. उत्तर प्रदेशातल्या टोळीराजकारणात ही गोष्ट बसवताना त्यांनी रुमालाचा कमरबंद केला आहे. जयराज यांचा मल्याळम ‘कळियाट्टम’ (1997) केरळातल्या तेय्यम या विधिनाट्याच्या कलावंतांमध्ये घडतो. जुने इंग्रजी प्रयोग पाहताना गोरा नट तोंड काळं करून ऑथेल्लो झालेला दिसेल. दीर्घ काळ तीच पद्धत होती, जरी आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटानं एकोणिसाव्या शतकातच लंडनमध्ये ही भूमिका केली होती. 1943 साली पॉल रोबसन ब्रॉडवेवर ऑथेल्लो झाले तेव्हा त्या प्रयोगांची संख्या 296 वर गेली. परकेपणाचा जो फास तिसऱ्या अंकात आवळला जातो, तो नटाच्या कातडीवर रंग फासून दाखवणं आज पटत नाही, आणि न पटणं योग्यच आहे.

१०. दुसरं वाचन : फक्त एमिलिया

पहिल्या वाचनात ती दुय्यम वाटते. दुसऱ्यांदा तिचेच प्रवेश काढून वाचा. मत्सराला कारण लागत नाही, तो स्वतःपासूनच जन्मतो, हे या नाटकातलं खरं निदान तिचं आहे. चौथ्या अंकात बायकांनाही नवऱ्यांसारखीच जीभ, नाक, मन असतं असं ती स्पष्ट बोलते. आणि हीच बाई रुमालाबद्दल गप्प राहिलेली असते. नवऱ्याला खूश करायचं म्हणून असेल, सवयीनं असेल.

पाचव्या अंकात ऑथेल्लो तिला सांगतो की हे सगळं तुझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. माझा नवरा? ती म्हणते. तो पुन्हा सांगतो. माझा नवरा? तिसऱ्यांदाही तेच. यागोनं ऑथेल्लोचे शब्द असेच परत केले होते, पण ते ठरवून. हिच्या तोंडून ते निघतात कारण तिला आपण काय केलं ते त्या क्षणी कळत असतं. मग यागो गप्प बस म्हणतो, घरी जा म्हणतो, तलवार काढतो. ती थांबत नाही. रुमाल मला सापडला आणि मी यांना दिला, हे सगळ्यांसमोर बोलते आणि त्यापायी मरते. पकडला गेल्यावर यागो म्हणतो, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

गटानं वाचन करणार असाल तर एमिलियाची भूमिका सगळ्यात खणखणीत आवाजाच्या वाचकाला द्या, आणि यागोची अशा माणसाला, ज्याचा आवाज ऐकताच विश्वास ठेवावासा वाटतो.